संस्थाचालक कोण, हे आधी विचारा

प्रश्न : मी मूळची सांगलीची. पतीच्या नोकरीनिमित्त २०१८ साली आम्ही इंग्लंडला आलो. इथेच मी पीजीसीई हा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि २०२० पासून मिल्टन कीन्सजवळच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. २०२३ मध्ये आम्हा तिघांना कायम वास्तव्याचा परवाना मिळाला, नागरिकत्व मात्र घेतलेले नाही. मुलगी आठ वर्षांची आहे. शाळेतले काम आता झेपेनासे झाले आहे. तीस मुलांचे वर्ग, शिस्तीसाठी रोजची ओढाताण, दर काही आठवड्यांनी भरायची गुणांची कोष्टके आणि रात्री दहापर्यंत वह्या. थायलंडमधल्या चियांग माई येथील एका छोट्या आंतरराष्ट्रीय शाळेने येत्या ऑगस्टपासून दोन वर्षांचे कंत्राट देऊ केले आहे. संपूर्ण शाळेत पावणेदोनशे मुले आणि वर्गात आठ-दहा. पगार दरमहा ९५,००० बाथ, शिवाय घरभाडे भत्ता आणि मुलीला निम्म्या शुल्कात प्रवेश. इथे माझ्या हातात महिन्याला २,७०० पौंडांच्या आसपास पडतात. पतीला घरून काम करता येते. वडील अनुदानित शाळेतून निवृत्त झाले आहेत आणि पक्की नोकरी सोडू नये, असे त्यांचे ठाम मत आहे. काय करावे?
— एक गणित शिक्षिका

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मला माझेच जुने दिवस आठवले, त्यामुळे माझा सल्ला तटस्थ असेल असा आव मी आणत नाही. इंग्लंडमधल्या सरकारी शाळेत मी अकरा वर्षे शिकवले आणि त्यानंतर आग्नेय आशियातल्या एका छोट्या आंतरराष्ट्रीय शाळेत चार वर्षे. पहिल्या शाळेने मला दमवले, दुसरीने कधी आनंद दिला तर कधी हतबल केले, आणि आज मागे वळून पाहताना या दोन्हींतला खरा फरक वर्गातल्या मुलांच्या संख्येत नव्हता, असे मला वाटते.

तो फरक तुमच्या वडिलांना एका वाक्यात समजेल, कारण त्यांची उभी हयात अनुदानित शाळेत गेली आहे. इंग्लंडमधली सरकारी शाळा ही, आपल्या भाषेत सांगायचे तर, अनुदानित शाळा आहे. पगाराची श्रेणी ठरलेली, कामाचे तास ठरलेले, रजा ठरलेल्या, आणि मुख्याध्यापकांशी पटले नाही तरी महिन्याच्या अखेरीस पगार होतोच. परदेशातली छोटी आंतरराष्ट्रीय शाळा ही तिचे नाव, गणवेश आणि संकेतस्थळ कितीही ब्रिटिश असले तरी बहुतेक वेळा विनाअनुदानित संस्था असते, आणि अशा संस्थेत नियमांपेक्षा संस्थाचालक मोठे असतात. ते भले असतील तर त्या शाळेसारखे सुख नाही. लहरी असतील तर दाद मागायला दार नाही. म्हणून, आठ-दहा मुलांच्या वर्गाचे छायाचित्र पाहून निर्णय घेण्याआधी या शाळेचे मालक कोण आहेत आणि ते शाळेच्या दैनंदिन कामात किती लक्ष घालतात, ही चौकशी सर्वांत आधी करा.

आज तुमच्याजवळ काय आहे, ते जरा मोजून पाहा, कारण रोज वापरात असलेल्या गोष्टींची किंमत आपण विसरतो. इंग्लंडच्या वेतन व सेवाशर्तींच्या दस्तऐवजानुसार पूर्णवेळ शिक्षकाला मुख्याध्यापकांनी नेमून द्यायचे काम वर्षाला १९५ दिवस आणि १,२६५ तासांपुरते मर्यादित आहे, आणि शिकवण्याच्या वेळेच्या किमान दहा टक्के वेळ तयारीसाठी वेळापत्रकातच राखून ठेवावा लागतो. रात्री दहापर्यंत तपासलेल्या वह्या या हिशेबात येत नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. पण गैरहजर सहकाऱ्याच्या तासावर तुम्हाला रोज पाठवता येत नाही, आजारपणात राष्ट्रीय करारानुसार चौथ्या वर्षापासून शंभर कामाचे दिवस पूर्ण पगार आणि आणखी शंभर दिवस अर्धा पगार मिळतो, अन्याय झाला तर एनईयू किंवा एनएएसयूडब्ल्यूटी या शिक्षक संघटनेचा प्रतिनिधी शेजारी येऊन बसतो. तुमची शाळा अकॅडमी, म्हणजे स्वायत्तपणे चालणारी सरकारी शाळा, असेल तर तपशील थोडेफार वेगळे असतील. तुमचे कंत्राट काढून पाहा. यातले काहीही चियांग माईच्या कंत्राटात आपोआप असणार नाही. जे हवे ते मागून, लिहून घ्यावे लागेल.

माझ्या छोट्या शाळेत घडलेली गोष्ट सांगते. दहावीच्या एका मुलाला सराव परीक्षेत कमी गुण पडले. त्याचे वडील संस्थाचालकांच्या नात्यातले. मला कार्यालयात बोलावण्यात आले, चहा देण्यात आला, आणि उत्तरपत्रिका ‘जरा सहानुभूतीने’ पुन्हा पाहता येईल का, असे अत्यंत गोड शब्दांत विचारण्यात आले. मी नकार दिला. कोणी रागावले नाही; फक्त पुढच्या वर्षी माझ्या घरभाडे भत्त्यात वाढ झाली नाही, इतर सर्वांच्या झाली. सांगली-कोल्हापूरकडच्या खासगी संस्थांमध्ये नोकरी केलेल्या कोणालाही ही गोष्ट नवी वाटणार नाही. इंग्लंडमध्येही गुणांसाठी दबाव असतो, पण तो आकडेवारीतून, तपासणीच्या भीतीतून, वरच्या पातळीवरून झिरपत येतो; तो कोण्या एका व्यक्तीच्या मर्जीचा नसतो. ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांना एका शब्दात निकाल देणे बंद केले, त्यामागे शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी जाहीरपणे उठवलेला आवाज होता. छोट्या खासगी शाळेत आवाज उठवायला अशी जागाच नसते, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची तेच संध्याकाळी स्नेहभोजनाला यजमान असतात.

आता दुसरी बाजू, आणि ती खरोखर मोठी आहे. शिकवणे या गोष्टीची चव मला पुन्हा लागली ती त्या छोट्या शाळेत. माझ्या दहावीत सात मुले होती आणि त्या सातांच्या मातृभाषा पाच. कोरियन मुलगा बैजिक राशी झरझर सोडवायचा, पण शाब्दिक उदाहरण दिसले की थिजून जायचा, कारण अडचण गणिताची नव्हती, इंग्रजी वाक्याची होती. तीस मुलांच्या वर्गात मला हे कळायला सत्र संपले असते. इथे दुसऱ्या आठवड्यात कळले. अपूर्णांकांवर अडलेल्या मुलीसाठी तीन दिवस थांबता येते. त्रिकोणमिती शिकवताना सगळ्यांना घेऊन मैदानात जाऊन नारळाच्या झाडाची उंची मोजता येते, त्यासाठी धोक्यांचा चार पानी अर्ज भरावा लागत नाही. (तो अर्ज का असतो, हे मला पुढे एका मुलाचा पाय मुरगळल्यावर समजले, पण ते असो.)

मात्र ‘मुले कमी म्हणजे काम कमी’ हा हिशेब गणिताच्या शिक्षिकेने तरी घाईने करू नये. मिल्टन कीन्सच्या शाळेत गणित विभागात तुम्ही बहुधा आठ-दहा जण असाल. आठवीच्या दोन तुकड्या असतील तर एकच तयारी दोनदा वापरता येते, आणि विभागाचे साहित्य एकत्र असते. पावणेदोनशे मुलांच्या शाळेत माध्यमिकला गणिताचा शिक्षक एक किंवा फार तर दोन. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलापासून अठरा वर्षांच्या मुलीपर्यंत प्रत्येक इयत्तेचा वेगळा अभ्यासक्रम तुमच्या एकटीच्या डोक्यावर, आणि ए लेव्हलच्या (साधारण आपल्या बारावीच्या) दोन मुलांसाठी तेवढीच तयारी जेवढी वीस मुलांसाठी. वह्यांचा ढीग निम्म्यापेक्षा कमी होतो, पण पाठांची तयारी दुप्पट होते. तुम्ही घातलेले गुण दुसऱ्या कोणी तपासून पाहणार नाही, तुमची प्रश्नपत्रिका कोणी वाचणार नाही, आणि चौथ्या महिन्यात आपण बरोबर शिकवतो आहोत ना, ही शंका विचारायला माणूस उरणार नाही. तुम्हाला वर्गात जाऊन सहा वर्षे झाली आहेत. ही एकटेपणाची जबाबदारी पेलण्याइतक्या तुम्ही तयार आहात असे मला वाटते. पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या शिक्षिकेला मी स्पष्ट नको म्हटले असते. याशिवाय परीक्षा अधिकारी, वेळापत्रक, वार्षिक क्रीडादिन आणि बसच्या फेऱ्या यांपैकी एखादे काम ‘सगळेच थोडे थोडे करतात’ या नावाखाली तुमच्याकडे येईल. कोणते, ते आधी विचारा. केंब्रिजच्या परीक्षांचे व्यवस्थापन तुमच्याकडे देणार असतील, तर त्यासाठी आठवड्याला किती तासिका सोडणार, हेही विचारा.

शिस्तीच्या ओढाताणीतून सुटका मिळेल, हे बहुतांशी खरे आहे. खुर्च्या फेकल्या जाणार नाहीत. त्याऐवजी तुम्हाला शुल्क भरणारे पालक भेटतील, जे रविवारी रात्री संदेश पाठवून मुलाला परीक्षेत ९ हा सर्वोच्च दर्जा का मिळणार नाही, ते विचारतील. आणि एका गोष्टीसाठी मन घट्ट करून जा : विशेष गरजा असलेल्या मुलासाठी इंग्लंडमध्ये कितीही तोकडी असली तरी कायद्याने बांधलेली व्यवस्था आहे, प्रत्येक सरकारी शाळेत त्यासाठी नेमलेला समन्वयक शिक्षक आहे. छोट्या शाळेत असे मूल आले की शुल्क मिळते म्हणून त्याला प्रवेश दिला जातो आणि पुढची सगळी जबाबदारी वर्गशिक्षिकेची असते. बालसुरक्षेचेही तेच. इंग्लंडमध्ये दर सप्टेंबरला ज्या मार्गदर्शक सूचना वाचून आपण कंटाळून सही करतो, त्या सूचना नसलेल्या शाळेत एखाद्या मुलीने तुम्हाला काही सांगितले तर तुम्ही कोणाकडे जाणार, हा प्रश्न मुलाखतीत विचारायला संकोच करू नका. उत्तर देताना मुख्याध्यापक अडखळले, तर तेच उत्तर समजा.

थायलंडबद्दल एक आवडती गोष्ट मध्येच सांगून टाकते. तिथल्या शाळांत ‘वाई ख्रू’ नावाचा शिक्षकांना वंदन करण्याचा सोहळा होतो, आणि मुले शिक्षकांना जे अर्पण करतात त्यात वांग्याचे फूल आणि दूर्वा असतात. वांग्याचे फूल खाली झुकलेले असते म्हणून नम्रतेसाठी, आणि दूर्वा कशाही तुडवल्या तरी पसरत राहतात म्हणून विद्येसाठी. गणपतीच्या दूर्वा हातात घेऊन एक थाई मुलगा माझ्यासमोर गुडघ्यावर बसला, तेव्हा सकाळच्या हजेरीला ‘मिस’ म्हणून हाक न मारता खांदे उडवणाऱ्या माझ्या जुन्या नववीची मला फार आठवण आली. त्या सन्मानाने पगार वाढत नाही, पण त्याचे मोल काहीच नाही असेही मी म्हणणार नाही.

आता एक अप्रिय विषय, जो तुम्ही पत्रात टाळला आहे. ब्रिटिश म्हणवणाऱ्या शाळेत शुल्क भरणाऱ्या काही पालकांना शिक्षक गोराच हवा असतो. गणिताला याची झळ इंग्रजीपेक्षा कमी बसते, हा माझा अनुभव. तरीही माझ्या पहिल्या पालकसभेत एका आईने ‘इंग्लंडहून आलेल्या शिक्षिका कुठे आहेत’ असे मलाच विचारले होते. टोमणे सोसता येतात, पण हा भेद कंत्राटात उतरला असेल तर सोसू नका. अनेक शाळांत परदेशातून भरती केलेल्या आणि स्थानिक भरती केलेल्या शिक्षकांची कंत्राटे वेगळी असतात. पहिल्यांना विमानभाडे, घरभाडे आणि मुलांच्या शुल्कात सवलत, दुसऱ्यांना त्यातले काहीच नाही किंवा अर्धेमुर्धे. तुमच्या मुलीला पूर्ण न देता निम्मी सवलत का, ब्रिटिश पारपत्र असलेल्या सहकाऱ्यांनाही तेवढीच मिळते का, हे सरळ विचारा. सगळ्यांना निम्मीच असेल तर हरकत नाही.

पैशांचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल, तरी एक आकडा तुमच्या पत्रात राहिला आहे. ९५,००० बाथमधून थायलंडचा आयकर वजा जाता हातात साधारण ८५,००० उरतील, म्हणजे आजच्या दराने दोन हजार पौंडांच्या जवळपास. घरभाडे भत्ता धरला आणि चियांग माईचा खर्च मिल्टन कीन्सशी ताडून पाहिला, तर दरमहा शिल्लक आजच्याइतकी किंवा थोडी जास्तही राहू शकेल. राहिलेला आकडा निवृत्तिवेतनाचा आहे. सहा वर्षे झाल्याने तुम्ही मुख्य श्रेणीच्या सहाव्या टप्प्यावर, म्हणजे २०२५-२६ च्या दराने लंडनबाहेर वर्षाला ४५,३५२ पौंडांवर असाल. शिक्षकांच्या निवृत्तिवेतन योजनेत प्रत्येक वर्षी त्या वर्षाच्या पगाराचा सत्तावन्नावा भाग तुमच्या नावे जमा होतो, म्हणजे एका वर्षाच्या नोकरीने निवृत्तीनंतरच्या वार्षिक रकमेत सुमारे ७९५ पौंडांची भर, तीही आयुष्यभर आणि महागाईनुसार वाढणारी. यासाठी शाळा तुमच्या पगाराच्या २८ टक्क्यांहून अधिक रक्कम भरते. छोटी शाळा फार तर कंत्राटाच्या शेवटी एखाद्या पगाराएवढे बक्षीस देईल. दोन वर्षांचा खंड आयुष्य उद्ध्वस्त करत नाही. पाच वर्षांपेक्षा मोठा खंड पडला तर मात्र आधी जमा झालेल्या हक्काच्या वाढीचे नियम प्रतिकूल होतात. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन मिळायलाही सर्वसाधारणपणे किमान दहा वर्षांचा आणि पूर्ण रकमेसाठी ३५ वर्षांचा राष्ट्रीय विमा लागतो, त्यामुळे तुमची किती वर्षे भरली आहेत, ते निघण्यापूर्वी पाहून घ्या.

या सगळ्याहून मोठा धोका मला तुमच्या पत्रातल्या एका अर्ध्या वाक्यात दिसला : नागरिकत्व घेतलेले नाही. कायम वास्तव्याचा परवाना हा नावापुरता कायम आहे. सलग दोन वर्षांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिले की तो आपोआप संपतो. तुमचे कंत्राट दोन वर्षांचे आहे. ऑगस्टमध्ये जाऊन दोन वर्षांनी जुलैत परतलात तर तुम्ही मर्यादेच्या आत राहाल, पण काठावर. उन्हाळ्यात आठ दिवस येऊन गेले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, असे समजून अनेक जण निर्धास्त राहतात; परंतु तुम्ही इथे राहायला परत येत आहात की केवळ परवाना जिवंत ठेवायला, हे विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो. मुलीचा आणि पतीचा परवानाही स्वतंत्रपणे याच नियमात अडकतो. आणि परवाना टिकला, तरी नागरिकत्वाची वाट लांबते, कारण त्यासाठी अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत देशाबाहेरचे दिवस साधारणपणे ४५० पेक्षा आणि शेवटच्या वर्षात ९० पेक्षा जास्त नसावे लागतात. दोन वर्षे बाहेर म्हणजे सातशेहून अधिक दिवस. परतल्यावर तुम्हाला जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागेल.

कायम वास्तव्य मिळून वर्ष उलटल्यावरच, म्हणजे २०२४ पासून, तुम्ही नागरिकत्वासाठी अर्ज करू शकत होतात. केला नाही, याचे कारण पत्रात नाही, पण मी अंदाज करू शकते. भारतीय पारपत्र परत करताना हात थरथरतो. माझाही थरथरला होता. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचे ओसीआय कार्ड मिळते, येणे-जाणे सुरू राहते, मतदान जाते, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. सांगलीकडे थोडी जमीन असेल तर एवढे सांगते की वारसाहक्काने येणारी जमीन मिळू शकते, बंदी खरेदीवर आहे. सातबाऱ्यावरचा तुमचा हक्क पारपत्राबरोबर संपत नाही. हा निर्णय भावनेचा आहे आणि त्यात मी पडणार नाही. पण तो आत्ताच घ्यायला हवा, पुढे ढकलता येणार नाही, कारण ही नोकरी स्वीकारण्याने तो निर्णय तुमच्या वतीने परस्पर घेतला जातो. एक खबरदारी : नागरिकत्वाच्या अर्जात पुढेही ब्रिटन हेच मुख्य घर ठेवण्याचा इरादा असावा लागतो. खिशात परदेशी कंत्राट असताना तिथे काय लिहायचे, हे शेजारणीला विचारू नका. इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला एकदा पैसे देऊन विचारा, आणि खरे तेच लिहा.

पतींच्या घरून कामाबद्दल थोडक्यात. तुमच्यावर अवलंबून असल्याच्या व्हिसावर त्यांना तिथे काम करता येणार नाही. २०२४ मध्ये थायलंडने परदेशी कंपन्यांसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांकरिता वेगळा व्हिसा सुरू केला आहे, त्याची चौकशी करा. त्याहून आधी त्यांच्या कंपनीची लेखी परवानगी घ्या, कारण कर आणि माहितीची सुरक्षितता यांमुळे अनेक कंपन्या ऐनवेळी नाही म्हणतात. त्यांचा पगार थांबला तर वरचा सगळा हिशेब कोसळतो.

राहिली मुलगी. छोटी शाळा लहान मुलांना फार मानवते, असे सगळे म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण माझ्या शाळेत मी एक मूक दुःख पाहिले आहे. इयत्तेत तीन मुली. त्यांतल्या दोघी घट्ट मैत्रिणी. तिसरीला जायला दुसरा वर्ग नाही, दुसरी तुकडी नाही, कोणीच नाही. शिवाय अशा शाळांतली मुले आईवडिलांच्या नोकऱ्यांबरोबर वर्षाच्या मध्यातच निघून जातात. एका फेब्रुवारीत माझ्या सातांपैकी तीन बाके रिकामी झाली. चियांग माईला त्याच महिन्यांत आणखी एक संकट असते : फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान शेते आणि जंगले जाळल्याचा धूर खोऱ्यात साचतो आणि हवा आठवडेच्या आठवडे घातक पातळीवर राहते. मुलीला दम्याची किंचितही प्रवृत्ती असेल, तर मी पुढचे काहीच वाचू नका म्हणेन. नसेल तर वर्गांत हवा शुद्ध करणारी यंत्रे आहेत का आणि धुराच्या दिवसांत मधल्या सुट्टीत मुले कुठे खेळतात, ते विचारा. विद्यापीठाच्या शुल्काची चिंता आज करू नका. स्थानिक विद्यार्थ्याचा दर मिळण्यासाठी अभ्यासक्रमापूर्वीची तीन वर्षे ब्रिटनमध्ये वास्तव्य लागते आणि ती अवघी आठ वर्षांची आहे. पण दोनाची सहा आणि सहाची दहा वर्षे कशी होतात, ते आपल्या परदेशस्थ लोकांना सांगायला नको.

माझे मत विचाराल तर, या ऑगस्टला जाऊ नका. वडील म्हणतात ते कारण मला पटत नाही. गणिताच्या शिक्षकांची इंग्लंडमध्ये टंचाई आहे आणि परतल्यावर तुम्हाला नोकरी मिळेल, फक्त पगाराचा आजचाच टप्पा मिळेल असे गृहीत धरू नका. माझी कारणे दोन. परवान्याचा आणि नागरिकत्वाचा प्रश्न अर्धवट सोडून जाणे तिघांनाही महागात पडेल, हे पहिले. दुसरे असे की तुमच्या पत्रातला थकवा मला एका विशिष्ट शाळेचा वाटतो, आणि त्यावर देश बदलण्याआधी शाळा बदलून पाहण्यासारखी आहे. वाईट शिस्तीची शाळा आणि दोन मैलांवरची नीट चालणारी शाळा यांत जेवढे अंतर असते, तेवढे कधीकधी दोन देशांत नसते. एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच लवचिक वेळेसाठी अर्ज करण्याचा हक्क आहे. चार दिवसांचा आठवडा मागून पाहा. शाळा नकार देऊ शकते, पण कारण द्यावे लागते.

एवढे सांगूनही तुम्ही जायचे ठरवलेत, तर मी नाराज होणार नाही. मीही कोणाचे ऐकले नव्हते. मग तारखा नीट पाहा. राष्ट्रीय अटी लागू असलेल्या शाळेत उन्हाळ्यात नोकरी सोडायची तर राजीनामा ३१ मेपर्यंत द्यावा लागतो आणि सेवा ३१ ऑगस्टला संपते. चियांग माईची शाळा तुम्हाला ऑगस्टच्या सुरुवातीलाच बोलावेल. मधल्या दिवसांसाठी आजच्या मुख्याध्यापकांची लेखी संमती लागेल, आणि त्या काळाचा पगार जाईल. परदेशी शाळांसाठी लागणारे आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र इंग्लंडमध्ये असतानाच काढा. थायलंडच्या शिक्षक परिषदेचा, म्हणजे खुरुसफाचा, परवाना किंवा तात्पुरती मुभा कोण मिळवून देणार आणि खर्च कोणाचा, तेही कंत्राटात येऊ द्या. कंत्राट इंग्रजी आणि थाई अशा दोन भाषांत असेल, तर वाद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य धरली जाईल, ते पाहिल्याशिवाय सही करू नका.

आणि हे सर्व करण्याआधी मुख्याध्यापकांना एक छोटी ईमेल पाठवा. गेल्या जूनमध्ये किती शिक्षक शाळा सोडून गेले आणि त्यांपैकी एकाशी फोनवर बोलता येईल का, एवढेच विचारा. आणि त्याखाली, माझ्या मुलीच्या इयत्तेत मुली किती आहेत.